पुलापर्यंतचा ससा

टीव्ही आतल्या खोलीत राहू द्यायचा की दुकानात आणायचा, यावरून सकाळी सकाळीच घरात दोन पक्ष पडले. आतल्या पक्षात थोरला आणि मामा, बाहेरच्या पक्षात आई एकटी. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. तरी भांडण रीतसर झालं, कारण या घरात भांडल्याशिवाय खुर्चीसुद्धा जागची हलत नसे.

"सुट्टीच्या दिवशी दुकानात टीव्ही लावला तर लोक म्हणतील, बूट विकायचं सोडून यांनी सिनेमा दाखवायला घेतला," थोरला म्हणाला.

"म्हणू देत. सिनेमावाली आपल्याच घरातली आहे," आई म्हणाली. "मला जे ऐकायचंय ते मी माझ्या जागेवर बसून ऐकणार."

आईची जागा म्हणजे दुकानातल्या लांब लाकडी फळीच्या टोकाशी, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची. नवा जोड पायात चढवला की गिऱ्हाइकानं त्या फळीवरून एकदा जाऊन यायचं, अशी सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत. बूट आरशात बघून घ्यायचा नाही, चालून घ्यायचा. आई पाठमोरी बसून ऐकायची आणि सांगायची, "डावा चावतोय", नाहीतर "टाच उचलते, लहान द्या". डोळे धड होते तेव्हाही ती वळून बघत नसे. आता काचबिंदूनं तिच्यासाठी उजेड आणि अंधार एवढेच दोन रंग शिल्लक ठेवले होते, पण गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

शेवटी थोरल्यानं टीव्हीची एक बाजू धरली आणि वहिनीनं दुसरी. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. पण तिला वहिनी म्हणायचा मक्ता एकट्या दिरा-नणंदेकडे राहिला नव्हता. मामा म्हणत, शेजारी म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, आणि सासूबाई रागात नसल्या की त्याही वहिनीच म्हणत. रागात असल्या की 'सूनबाई'. आज सकाळपासून दोनदा 'सूनबाई' होऊन गेलं होतं आणि खरं कारण तर त्यांना अजून कळायचंच होतं.

खरं कारण कालच्या फोनमध्ये होतं.

फोन सशाचा होता. ससा म्हणजे तिचा धाकटा दीर. पुढच्या दोन दातांमुळे घरानं लहानपणी त्याचं नाव ससा ठेवलं, आणि मोठेपणी तो ज्या कामाला लागला त्या कामाचंही नाव नेमकं ससाच निघालं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुरुवातीपासून पुढं पळायचं, वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मागच्या खेळाडूला वेग लावून द्यायचा आणि ठरल्या जागी गुपचूप बाजूला व्हायचं. जिंकायचं दुसऱ्यानं. असं काम जगात असतं आणि त्यासाठी माणसाला विमानानं बोलावतात, यावर गावाचा अजून विश्वास बसला नव्हता. गाव म्हणे, "त्या बूटवाल्यांकडे दोघं मोठी झाली. एकीचं सिनेमात नुसतं ऐकू येतं आणि दुसरा अर्ध्या रस्त्यापर्यंत दिसतो."

वडील गेल्यावर ससा दुकान सोडून पळायला निघाला तेव्हा थोरला कडाडला होता, आई गप्प झाली होती, आणि "जाऊ दे त्याला, त्याचे पाय त्याचे आहेत" असं म्हणणारी एकटी वहिनी होती. तेव्हापासून थोरला भावाशी बोलत नव्हता आणि ससा जिथं जिथं मधेच बाजूला झाला तिथं तिथं ते वहिनीच्या नावावर मांडलं जात होतं. मागच्या खेपेला तो आला तेव्हा आईनं त्याला या खुर्चीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "एकदा शेवटपर्यंत पळून दाखव. पुढच्या शर्यतीत नाही पळालास, तर परत ये आणि दादाच्या हाताखाली बस. अर्धवट कामाचा माणूस आपल्या घराण्यात झाला नाही."

ससा म्हणाला, "बरं."

आता या घरात 'बघू' म्हणजे नाही, आणि 'बरं' म्हणजे शिक्का. सासऱ्यांनी गिऱ्हाइकाला एकदा 'बरं' म्हटलं की ताप अंगावर काढून जोड तयार होत असे. ससा याच घरात वाढलेला. तरी काल फोनवर म्हणतो कसा, "वहिनी, मी पुलावर बाजूला होणार आहे."

"अरे, आईंना बरं म्हणालास ना?"

"बरं म्हणालो. पळतो कुठं म्हणालो?"

"वकील का नाही झालास रे मेल्या? निदान बसून तरी काम केलं असतंस."

"ऐक ना. मी पुढं असलो की मागची मुलगी माझ्या पाठीकडे बघून पळते. शेवटच्या टप्प्यात तिला रस्ता दिसायला हवा. मधली पाठ हलली पाहिजे. मी हललो नाही तर मी पोचेन, पण ती हरेल." मग आवाज बारीक करून, "तूच सांग आईला. तुझं ऐकते ती."

"त्या सगळ्या गावाचे पाय ऐकतात रे, माझं तोंड तेवढं सोडून."

पण 'सांगते' असं ती म्हणून बसली होती. काल संध्याकाळी सांगायला गेली तर आई शेजारणीला सांगत होती, "उद्या माझा मुलगा शेवटपर्यंत पळणार आहे." आज सकाळी सांगायला गेली तर आई नवी साडी नेसून, केस विंचरून बसली होती. केस विंचरून बसलेल्या सासूला वाईट बातमी देण्याची छाती वहिनीला नव्हती.

टीव्ही फळीच्या दुसऱ्या टोकाला, बुटांच्या खोक्यांवर बसला. आईनं खुर्ची वळवून घेतली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मामांनी पडद्याजवळचं स्टूल बळकावलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. गावच्या चित्रपटगृहाच्या दारात तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि भाच्यांच्या कीर्तीतला मोठा वाटा आपला, हे ते कुणी न विचारताच सांगत.

"ही टकटक शाळा बुडवून यायची, तिला मागच्या दारानं आत कोण सोडायचं? मी! आणि हा ससा चोरून घुसायचा, त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत कोण धावायचं? मीच! मग याला वेग लावला कुणी?"

"म्हणजे मामा, पहिले ससे तुम्ही," नणंद म्हणाली.

"नाही तर काय!"

नणंद कालच शहरातून आली होती. खांद्याला मोठी पिशवी, केस कानाच्या वर कापलेले आणि कोपरांना कायम खरचटलेलं. लहानपणी ताटावर, दारावर, भावांच्या डोक्यावर बोटं वाजवायची म्हणून ती टकटक. आता ती सिनेमातले पाय वाजवत होती. पडद्यावर नायिका जिना उतरते, म्हातारा वाळूतून जातो, खुनी लाकडी जमिनीवर थांबतो. त्यातला एकही आवाज तिथला नसतो. तो मागाहून एका बंद खोलीत, पडदा बघत बघत, टकटक काढते. तिचं नाव सिनेमाच्या अगदी शेवटी येतं, तेव्हा गाव बाहेर सायकली काढत असतं. फक्त हे एक कुटुंब अंधारात बसून राहतं आणि नाव आलं की मामा टाळ्या वाजवतात.

शर्यत सुरू झाली. कुठल्यातरी लांबच्या शहरातला रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि पळणाऱ्यांच्या नदीच्या तोंडाशी, सगळ्यांच्या पुढं, वहिनीचा दीर. बारीक, काळा बनियन घातलेला, छातीवर नंबराच्या जागी नुसतं एक अक्षर. त्याच्या मागे हातभर अंतरावर लांब वेणीची एक मुलगी, आणि तिच्या मागे सगळं जग.

"अगं बाई," वहिनीच्या तोंडून निघून गेलं. दर वेळी निघायचं. ज्याला तिनं नाक पुसून शाळेत सोडलं होतं, त्याच्यामागे एवढं मोठं शहर वाकून बघत होतं.

"पुढं आहे?" आईनं विचारलं.

"सगळ्यांच्या पुढं आहे, ताई," मामा म्हणाले. "एकटा!"

"पुढं असायचं काय कौतुक," थोरला लेसांच्या जुड्या बांधत म्हणाला. त्याची पाठ टीव्हीकडे होती. पण लेसांची तीच जुडी त्यानं सोडून पुन्हा बांधली होती, हे वहिनीनं बघून ठेवलं.

बराच वेळ असाच गेला. चहा झाला, दुसरा चहा झाला. मामा प्रत्येक वळणावर "आला, आला" म्हणत, जणू ससा आता गल्लीतच शिरणार होता. टीव्हीवर समालोचकाच्या तोंडाचा अखंड पट्टा, लोकांचा गलका, मधूनच जाहिरात. आईची मान हळूहळू खाली झुकत गेली. शेवटी ती म्हणाली, "बंद करा ते."

"का गं, ताई? रंगात आलंय!"

"कसला रंग? नुसती आरडाओरड. एवढी माणसं पळतायत आणि पाय एकाचाही ऐकू येत नाही. माझा मुलगा पळतोय हे मला तुम्ही सांगताय म्हणून कळायचं? मग रेडिओ काय वाईट होता?"

खरंच होतं ते. रस्त्यावर कॅमेरे होते, आकाशात कॅमेरे होते; पण त्या पायांजवळ कुणी कान नेला नव्हता.

टकटक उठली. काही न बोलता तिनं मांडणीवरून पळायच्या बुटांचा एक जोड काढला, दोन्ही हात त्यांत घातले आणि फळी संपते तिथल्या दगडी फरशीवर गुडघे टेकून बसली. नजर टीव्हीवर. दोनदा हात आपटून बघितले.

"हे काय?" आई म्हणाली. "हा नवा कडक जोड आहे. त्याचा पाय असा वाजत नाही."

टकटकनं दुसरा घेतला. आईनं मान हलवली. तिसरा.

"तो नको." बोलणारा थोरला होता. भिंतीकडे तोंड करून, जणू मांडणीलाच सांगत होता. "उजवा पाय आत पडतो त्याचा. टाचेची बाहेरची कड आधी टेकते." तो शिडीवर चढला, वरच्या खणातून एक जोड काढला आणि दोन्ही तळवे हातांनी मागं-पुढं वाकवून वाकवून मऊ केले. मग उजव्या बुटाच्या आत पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवली आणि बहिणीसमोर ठेवला. "आता बघ."

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिली. भावाचं नाव या माणसानं इतक्या दिवसांत उच्चारलं नव्हतं. पण पाऊल कसं पडतं ते पाठ होतं.

"रस्ता आहे, दादा. खाली थोडी खडीची कच हवी," टकटक म्हणाली. वहिनी आत धावली आणि जाड मिठाची मूठ आणून फरशीवर पसरली. टकटकनं पडद्यावर सशाचे पाय नीट दिसायची वाट बघितली. श्वास घेतला. आणि हात खाली आले.

दुकानात ससा पळायला लागला.

वहिनीनं नणंदेचे सिनेमे सगळे बघितले होते, पण तिचं काम कधी बघितलं नव्हतं. हात हातांसारखे उरलेच नाहीत. मनगटात घोटे आले, कोपरांत गुडघे आले. उजवा बूट कडेवर टेकून आत लोळत होता, डावा स्वच्छ पडत होता, आणि दोन्हींच्या मधे मिठाची बारीक करकर. टीव्हीवर तो वळणावर तिरका झाला की तिचे खांदे तिरके होत. चढ आला की आवाज आखूड होई. मामांनी हळूच हात लांबवून टीव्हीचा आवाज बंद केला. आता त्या मुक्या पडद्यातल्या माणसाचे पाय इथं, बुटांच्या खोक्यांमध्ये पडत होते, आणि डोळे मिटले तर त्याच्या अंगाला लागणारा वाराही जाणवेल असं वाटत होतं. वहिनीच्या अंगावर काटा आला. तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी आपल्याकडे बघत नाही याची खात्री केली आणि खरंच डोळे मिटून घेतले.

आईनं मान वर केली होती. चेहऱ्यावर तो, गिऱ्हाईक फळीवर असतानाचा भाव. "बारीक झालाय," ती म्हणाली. "पण थकलेला नाही."

"थकलेला नाहीच," मामा कुजबुजले. देवळात बोलावं तसे.

मुक्या पडद्यावर लांब, उंच कमानींचा एक पूल दिसायला लागला. आता नाही सांगितलं तर आई ते हातांमधून ऐकेल. पाय थांबतील, आणि काही सांगायचं राहणारच नाही.

"आई," ती म्हणाली, "तो पुलावर बाजूला होणार आहे."

टकटकचे हात चालूच होते. आईचा चेहरा वळला. "तुला कधीपासून माहीत, सूनबाई?"

"काल फोन आला होता. तुम्हाला सांग म्हणाला. माझं धाडस झालं नाही."

"मलाही माहीत होतं, आई," टकटक हात न थांबवता, धापा टाकत म्हणाली. "मलाही केला होता. मला वाटलं वहिनी सांगेल."

मामांनी स्टुलावर चुळबुळ केली. "तसा मलाही... म्हणजे ओझरतं बोलला. मी म्हटलं, मी पडलो बाहेरचा."

"तू बाहेरचा? सकाळपासून आतल्या पक्षात कोण होतं?" आई म्हणाली. आणि मग, कुणीच न बोललेल्या बाजूला तोंड वळवून, "आणि तू?"

थोरल्याच्या हातातल्या लेसा गळून पडल्या होत्या. "केला होता," तो म्हणाला. "मला फोन आला त्याचा. 'दादा' म्हणून हाक मारली. मी... बरं म्हणालो."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. पठ्ठ्यानं घरातल्या एकूणएक माणसाला फोन करून तीच विनवणी केली होती, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर तोंडाला कुलूप लावलं होतं. आणि तिच्या नवऱ्यानं, भावाशी अबोला धरलेल्या त्या माणसानं, रात्रभर शेजारी झोपून एक अक्षर काढलं नव्हतं.

"एवढी माणसं घरात," आई म्हणाली, "आणि सांगायला एक नाही. शेवटपर्यंत नेण्याची सवय या घरात कुणालाच राहिली नाही, त्यालाच काय बोलू?" तिचे ओठ घट्ट झाले. "परत येऊ दे त्याला. उद्यापासून दुकानात बसेल."

झालं. इतक्या वर्षांची वहिनीची बाजू त्या एका वाक्यात बुडाली.

"आई, पूल आला," टकटक म्हणाली.

"मग थांबू नकोस. जिथं तो थांबेल तिथं थांब."

पुलाच्या पहिल्या कमानीखाली सशानं एकदा मागं बघितलं. हाताची दोन बोटं हलवली, जशी दारातून जाताना 'येतो' म्हणून हलवतात. आणि तो रस्त्याच्या कडेला झाला. टकटकचे हात विरत विरत थांबले. कॅमेरा त्याच्यासाठी क्षणभरसुद्धा रेंगाळला नाही. तो पुढं गेला, वेणीवालीबरोबर. आणि पडद्याच्या कडेतून काळा बनियन निघून गेला.



सवयीनं म्हणा, पडद्यावर पाय आहे आणि आवाज नाही हे सहन होईना म्हणून म्हणा, टकटकनं हातातले बूट काढले, बाजूच्या खोक्यातला एक हलका जनानी जोड ओढला आणि वेणीवालीचे पाय वाजवायला लागली. सुटे, पुढच्या चवड्यावर पडणारे पाय. आता ती मुलगी एकटी होती. समोर कुणाची पाठ नव्हती, नुसता रिकामा रस्ता होता, आणि मागून दोघीजणी तिला गाठायला येत होत्या.

"ही कोण?" आईनं विचारलं.

"जिला तो वेग लावत होता ती, आई," वहिनी म्हणाली.

"हलकी आहे. सरळ पडतो पाय." आई ऐकत होती. तिची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली, एक, दोन, एक, दोन. मग थांबली. मग पुन्हा हलली. "थांब गं. तू नीट बघून वाजवतेयस ना? मनचं नाही ना?"

"बघूनच, आई. मी मनचं कधीच वाजवत नाही."

"मग हा ताल त्याचा कसा?"

टकटक वाजवत राहिली.

"पाय हिचा आहे," आई म्हणाली, सावकाश, अंधारात हातानं वस्तू चाचपावी तशी. "पण ताल त्याचाच आहे. मघाशी होता तोच. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. तो गेला ना? बाजूला झाला ना?"

"झाला, आई."

"मग हिच्या पायात पळतोय कोण?"

वहिनीनं पडद्याकडे बघितलं. मागच्या दोघींचे पाय वेडेवाकडे, कधी घाईत, कधी ओढल्यासारखे पडत होते. पुढची मात्र घड्याळासारखी चालली होती. ससा नव्हता, पण तो जिथं असता तिथं एक अदृश्य पाठ पुढं पळत होती, आणि ती मुलगी तिच्यामागे न बघता जात होती. वहिनीनं त्याच्या शर्यती इतक्या बघितल्या होत्या. तो बाजूला झाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. त्यानंतर काय घडतं हे बघायला ती कधी बसलीच नव्हती. या घरातलं कुणीच बसलं नव्हतं.

आईचा हात तोंडावर गेला. "असंही असतं का गं?" ती म्हणाली. सासूबाईंना इतक्या वर्षांत वहिनीनं कुठल्या गोष्टीचं नवल करताना पाहिलं नव्हतं. "आपण निघून जायचं आणि आपली चाल दुसऱ्याच्या पायात ठेवून जायचं?"

"तेच काम आहे त्याचं," टकटक म्हणाली.

"आणि असला पाय मी या फळीशी बसवून बूट पुसायला लावणार होते!" आई स्वतःवरच चिडली. "वहिनी, तू तरी तेव्हा मला नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई. त्याचे पाय त्याचे आहेत म्हटलं होतं."

"चुकीचं सांगितलंस. कुठं त्याचे आहेत? त्यानं तर वाटून टाकलेत." मग तिनं हात पुढं केला, हवेतच, जिथं वहिनी असेल असं तिला वाटलं तिथं. वहिनीनं तो धरला.

पडद्यावर शेवटचा सरळ रस्ता आला होता. मामा अर्धे उठले होते. "ताई, जिंकतेय बरं का! आता बघ..."

"तिला बघायला सगळं जग आहे," आई म्हणाली. "टकटक, ते बूट ठेव. माझ्या मुलाचे घे."

"तो दिसत नाहीये, आई."

"तुला दिसत नाही म्हणजे त्याला पाय नाहीत? मला तर कुणीच दिसत नाही. कुठंतरी चालत असेल ना तो आता? वाजव."

वहिनीला कळलं की टकटकला हे येत नाही. तिची सगळी विद्या पडद्याला बांधलेली. कुणीतरी चाललं तरच तिचे हात चालणार. तिनं मऊ केलेला जोड उचलला, हात आत घातले, आणि पडद्याकडे पाठ करून बसली. डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग मिठावर एक पाऊल पडलं.

पळणारं नाही. नुकतंच पळणं सोडलेलं. दोन-तीन पावलं सवयीनं घाईत, मग अंतर वाढत गेलेलं. उजवी टाच जरा जास्त घासत होती. तो कडेनं चालला होता. लोक पुढं बघत होते आणि याच्याकडे कुणी बघत नव्हतं. तो एका ठिकाणी थांबला. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. पुन्हा निघाला, आणखी हळू. एवढ्या मोठ्या शहरात त्याला कुठं जायचं होतं कुणास ठाऊक. थोरला मांडणीला टेकून उभा होता आणि बहिणीच्या हातांकडे बघत होता, पापणी न लवता. मामांनीही पडद्याकडे पाठ केली होती. त्यांच्या मागे माणसं उड्या मारत होती, फीत तुटली की नाही, कोण जिंकलं, कुणाच्या गळ्यात काय पडलं, ते या घरातल्या एकाही माणसानं बघितलं नाही.

पावलं आणखी मंदावली. एक. मग बऱ्याच वेळानं, एक. बूट मिठावर टेकले आणि तिथंच राहिले.

"घसा कोरडा पडला असेल त्याचा," आई म्हणाली. "पाणी द्या रे त्याला कुणीतरी."

थोरला हलला. शिडीला वळसा घालून, फळीवरून धाडधाड चालत तो आत गेला. माठाचं झाकण वाजलं. आणि तो घाईघाईनं बाहेर आला, हातात काठोकाठ भरलेला पेला, सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरलेला. फळीच्या मधोमध तो थांबला. बहिणीकडे बघितलं, आईकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. पेला कुणाला द्यायचा ते त्याला कळेना.

तो तसाच, हात पुढं करून, उभा राहिला.